नेपाळची स्पर्धक

अशी कल्पना कर. तू दहा वर्षांची मुलगी आहेस. मुलगा असलास तरी गोष्ट संपेपर्यंत मुलगी हो, त्यानं काही झिजत नाही. शाळा सुटली आहे. गाण्याच्या बाईंच्या पुढच्या खोलीत चटईवर बसून तू पलटे म्हणते आहेस. बाहेर गिरणीची धडधड चालू आहे, पण ती तुला ऐकू येत नाही, कारण जन्मल्यापासून ती चालूच आहे. इतक्यात दारातून एक सफारीवाले गृहस्थ चपलांसकट आत येतात, तुझ्याकडे बोट करतात आणि बाईंना विचारतात, "ही परदेशी आहे ना?"

तू मागे वळून बघतेस. मागे भिंत आहे.

ती मुलगी मनमाया थापा. तिला सगळे मनू म्हणत. बाई म्हणजे मी. आणि सफारीवाले म्हणजे श्रुतिविलास संगीत मंडळाचे कार्यवाह हेर्लेकर.

"आधी चपला काढा," मी म्हटलं. "परदेशी कोण?"

"ही हो. गुरख्याची."

"ही आपल्या नगरपालिकेच्या दवाखान्यात जन्मली, हेर्लेकर."

"जन्माचं काय घेऊन बसलात बाई? रक्त नेपाळचं आहे ना?"

मनूनं माझ्याकडे बघितलं. "काय झालंय वो बाई? माझं रक्त कशाला बघाय लागलेत?"

आता हे गृहस्थ एका पोरीचं रक्त का तपासत होते ते कळायला तुला मंडळाच्या स्पर्धेचा इतिहास ठाऊक हवा. मंडळानं तो छापलाही होता, गुळगुळीत कागदावर, अध्यक्षांच्या फोटोसह. त्यात नाही तो मी सांगते. गावाचं नाव मात्र घेत नाही. कोल्हापूरच्या बाजूचं गिरण्यांचं गाव, एवढं पुरे. मंडळातल्यांचे नातू अजून तिथं नांदताहेत, आणि त्यांना आजोबांचा अभिमान आहे.

मंडळानं पहिली स्पर्धा ठरवली ती गावातल्या चार शाळांची. आंतरशालेय शास्त्रीय संगीत स्पर्धा. फलक रंगवायचं काम रंगा पेंटरकडे दिलं. ते साल होतं आंतरराष्ट्रीय महिला वर्षाचं. सरकारी कचेऱ्या, शाळा, दवाखाने, सगळ्यांना त्या वर्षाचे फलक हवे होते आणि रंगाचा हात त्या शब्दावर असा बसला होता की 'आंतर' लिहिलं की पुढचं 'राष्ट्रीय' आपोआप उमटायचं. स्पर्धेच्या सकाळी फलक आला. 'आंतरराष्ट्रीय शास्त्रीय संगीत स्पर्धा.' अक्षर सुरेख होतं.

दुसरं कुणी असतं तर रंगाला बोलावून तीन अक्षरं पुसून घेतली असती. मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब मगदूम, गिरणीचे मालक, फलकासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "शोभतंय की." झालं. फलक खोटा ठरू नये म्हणून तेव्हापासून दरवर्षी परदेश शोधणं सुरू झालं.

पहिल्या वर्षी कापडवाल्या शहांचा नैरोबीचा भाचा सुट्टीला आला होता. त्याला बसवलं. दुसऱ्या वर्षी पणजीचा एक मुलगा आणला. गोवा परदेश कसा, असं कुणीतरी विचारलं, तर हेर्लेकर म्हणाले, "पंधरा वर्षांपूर्वी होता ना?" तिसऱ्या वर्षी पुण्याच्या कॉलेजातला एक इराणी विद्यार्थी आला आणि त्यानं माउथ ऑर्गनवर सिनेमातली गाणी वाजवली. मंडळानं डोळे मिटून माना डोलावल्या. पुढं कुणी बेळगावचं नाव सुचवलं, तेव्हा मात्र तात्यासाहेब टेबलावर हात आपटून उठले. बेळगाव महाराष्ट्राचं आहे, ते परदेश म्हणणाऱ्याला ते गावात राहू देणार नव्हते. तत्त्वाला ते असे पक्के होते.

"यंदा उपमंत्री यायचेत," हेर्लेकर माझ्या चटईच्या काठावर उभे राहून सांगत होते. "आंतरराष्ट्रीय कार्य बघून नाट्यगृहाला जागा मंजूर करतील म्हणताहेत. आणि यंदाच परदेशातून कुणी नाही. नैरोबीचा तो मुलगा मोठा झाला, शिवाय त्याला गाता येत नाही."

"आधी येत होतं?"

"आधीही येत नव्हतं. पण लहान होता."

"मनूचं नाव मी शाळेतर्फे दिलंय. ती स्पर्धेत गाणार आहे."

"ते नाव काढून मी पाहुण्यांत घातलंय. परदेशी कलाकार पाहुणे असतात. त्यांना गुण देत नाहीत. शाल आणि सन्मानचिन्ह."

मनू चटईवरून उठून उभी राहिली. "आणि तंबोरा?"

पहिलं बक्षीस तंबोरा होता. मिरजेहून करून आणलेला, भोपळ्यावर पानाफुलांची नक्षी असलेला. मगदुमांच्या कापडदुकानाच्या काचेत तो ठेवला होता आणि ही पोर रोज शाळेतून येताना काचेला नाक लावून त्याच्यासमोर उभी राहायची. माझ्याकडे शिकणाऱ्या सगळ्या मुलांत मिळून माझा एकच जुना तंबोरा होता. मनूच्या वाट्याला तो यायचा तोवर तिला घरून हाक आलेली असायची. गावात तेव्हा तिच्यासारखा आवाज दुसरा नव्हता, हे मी शिक्षिका म्हणून सांगते, कौतुक म्हणून नाही.

"तंबोरा स्पर्धकांसाठी, बाळ," हेर्लेकर म्हणाले.

"मग मी दोन्हीकडनं गातो की."

"एक मुलगी दोन देशांतून कशी गाणार?" असं म्हणून ते चपला घालून निघून गेले. जाताना त्यांना वाटलं असणार, मुलीला भूगोल शिकवला.

मी दुसऱ्या दिवशी गिरणीच्या कचेरीत तात्यासाहेबांकडे गेले. या गृहस्थांना गाण्यातलं एकच कळायचं, ते संपलं की टाळ्या वाजवायच्या. त्याही शेजाऱ्याकडे बघून. आलापी सुरू झाली की त्यांचा डोळा लागे. लोक म्हणत, तात्यासाहेब तल्लीन होतात.

"तात्यासाहेब, मुलगी खरंच गाते. तिला गुण द्या, नंबर येवो न येवो."

"अहो, पण आम्ही तिला सगळ्यांच्या वर बसवतोय. खुर्चीवर! बाकीची पोरं सतरंजीवर."

"तिला खुर्ची नकोय."

"लहान आहे. तिला काय हवं ते तिला काय कळतंय?" त्यांनी पान लावायला घेतलं. "बाई, तुम्ही गाणं शिकवा. देश आम्ही बघतो."

मी उठले नाही. तेव्हा पानाला चुना लावता लावता, माझ्याकडे न बघता, ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हर्कबहादूर चांगला माणूस आहे हो. आमच्या गेटवर बरीच वर्षं आहे. राहू दे की गेटवर. त्याला कशाला त्रास?"

हर्कबहादूर म्हणजे मनूचा बाप. मगदुमांच्या गिरणीचा गुरखा. कचेरीतून बाहेर पडताना गेटवर तोच उभा होता. त्याला मी सगळं सांगायच्या आधीच ते त्याच्यापर्यंत पोचलं होतं. हेर्लेकर येऊन त्याची टोपीसुद्धा मागून गेले होते. दसऱ्याला घालायची, घडी करून ठेवलेली, रंगीत वेलबुट्टीची टोपी.

"बाईजी, एक दिवस पोरगी नेपाळ बोलेल," तो म्हणाला. "एक दिवसानी काय जातं? दुसरे दिवशी इथलीच."

"तिचा तंबोरा जातो, हर्कबहादूर."

आतून एक ट्रक आला, त्यानं गेट उघडलं, सलाम ठोकला, गेट लावलं.

संध्याकाळी मी मनूला म्हटलं, "तू गाणं तेच गा. पाटी कुठलीही असू दे."

"पाटी बघूनच गुण द्यायचेत की वो," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "बाई, नेपाळ कसलं असतंय? बा सांगतोय बर्फ असतंय. मी बर्फ गोळावाल्याकडंच बघितलंय."

स्पर्धा भरली मगदूम मंगल कार्यालयात, दुपारची. मंचामागचा 'शुभविवाह' काढायला कुणाला सुचलं नव्हतं. त्यावरच रंगाचा फलक लावला होता, पण तो आखूड पडला होता, त्यामुळं वाचताना 'शुभ आंतरराष्ट्रीय' असं दिसत होतं. टेबलावर झेंडे होते. नेपाळचा झेंडा त्रिकोणी असतो एवढं हेर्लेकरांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी देवळातून एक पताका आणून उदबत्तीच्या घरात खोचली होती.

मनूला खुर्चीवर बसवलं होतं. पाय जमिनीला टेकत नव्हते. छातीवर पुठ्ठा, त्यावर 'नेपाळ'. डोक्यावर बापाची टोपी. पुरुषाची टोपी पोरीच्या डोक्यावर चढवली आहे हे मंडळातल्या एकालाही कळलं नव्हतं. ती कानांवर उतरत होती आणि मनू दर थोड्या वेळानं ती वर ढकलत होती. तिच्यापासून हातभर अंतरावर बक्षिसाचा तंबोरा होता. त्याला झेंडूचा हार घातला होता. तंबोऱ्याला हार! माणूस गेल्यासारखा.

परीक्षक पुण्याहून आल्या होत्या, निर्मलाबाई ओगले. आयुष्यात कुणाला 'छान' म्हणून त्यांचं नुकसान झालं असावं, अशा बसल्या होत्या. सतरंजीवरची मुलं एकेक करून गाऊन गेली. तात्यासाहेब पहिल्याच मुलाच्या आलापीत तल्लीन झाले होते. मग हेर्लेकर माइकवर आले.

"आणि आता, हिमालयाच्या हिमाच्छादित कुशीतून, सुदूर काठमांडूहून, खास आपल्या स्पर्धेसाठी आलेली ही चिमुकली पाहुणी..."

मागच्या बाजूला गिरणीतली माणसं बसली होती. त्यातलं कुणीतरी खोकलं. ती सगळी रोज सकाळी मनूला नळावर बघत होती. पण मालक मंचावर होते, त्यामुळं खोकण्यापलीकडं कुणी गेलं नाही.

मी माझा जुना तंबोरा घेऊन तिच्यामागं बसले. तिला खुर्चीवरून उतरवून गाद्यांवर बसवलं. तिला शिकवलेलं एवढंच होतं, 'नमस्ते' म्हणायचं आणि गायचं. पण उपमंत्री मोठे हौशी निघाले. पलीकडच्या तालुक्यातलेच होते, पण मंत्रालयात राहून त्यांची जीभ हिंदीला सरावली होती. त्यांनी माइक ओढून घेतला.

"नमस्ते बेटी!"

"नमस्ते," मनू म्हणाली. हेर्लेकरांनी श्वास सोडला.

"हमारा गाँव कैसा लगा?"

हेर्लेकर वाकून पुटपुटले, "बहुत अच्छा. बहुत अच्छा म्हण."

मनूनं त्यांच्याकडे बघितलं. मग हार घातलेल्या तंबोऱ्याकडे.

"शरमा गई," उपमंत्री हसले. "अच्छा, क्या गाओगी?"

आता गाण्याबद्दल विचारलं की गाणाऱ्यानं उत्तर द्यायचं, ही शिस्त मी तिला पहिल्या दिवसापासून लावली होती. तिनं पाठ ताठ केली, कानाला हात लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "भीमपलास गातो, साहेब."

आणि मग मागून जे हसू फुटलं, ते पुढच्या रांगांपर्यंत आलं. तुला हे कदाचित कळणार नाही, तू पुण्यामुंबईकडची असशील. आमच्या बाजूच्या बाया आणि पोरी 'मी जाते, मी गाते' म्हणत नाहीत. आम्ही 'जातो, गातो' म्हणतो. बाहेरची माणसं याला हसतात. काठमांडूहून कुणी कितीही मराठी शिकून आलं, तरी त्याला पुस्तकातलं 'गाते' येईल. 'गातो' फक्त आमच्याच नळावर शिकता येतं.

उपमंत्र्यांची हिंदी गळून पडली. "आयला! कुठली गं तू?"

"गिरणीच्या मागल्या चाळीतली. हर्कबहादूरची मनू."

"नेपाळी आणि मराठी या भगिनी भाषा आहेत साहेब!" हेर्लेकर घाईघाईनं माइकमध्ये ओरडले. "क्रियापदं पुष्कळशी सारखी..."

त्यावर तर बायकांच्या बाजूनंही हसायला सुरुवात झाली. या आवाजानं तात्यासाहेब जागे झाले, गाणं संपलं असं समजून त्यांनी टाळ्या वाजवल्या, शेजारी कुणी वाजवत नाही बघून थांबले.

"मुली," ओगलेबाई पहिल्यांदाच बोलल्या, "गातो नाही. गाते म्हणावं."

"हितं समद्या गातोच म्हणत्यात की वो."

ओगलेबाईंना ते पटलं नाही, पण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि हेर्लेकरांकडे वळल्या. "मला व्याकरणाशी आणि देशाशी कर्तव्य नाही. ही स्पर्धक आहे की पाहुणी, ते सांगा. गुण द्यायचे की नाही, तेवढं मला कळलं पाहिजे."

"पाहुणी," तात्यासाहेब म्हणाले. आता ते पूर्ण जागे होते. हसणारे गिरणीकामगार त्यांनी एकेक करून बघून घेतले.

"मी तिला विचारते आहे," ओगलेबाई म्हणाल्या.

मनूनं माझ्याकडे वळून बघितलं. मला तेव्हा काहीही बोलता आलं असतं, पण या प्रश्नाचं उत्तर शिकवायचं नसतं. मी तंबोरा छेडत राहिले. मग तिनं दाराकडं बघितलं. तिथं हर्कबहादूर खाकी कपड्यात, हातात काठी घेऊन उभा होता. तो कशाचा विचार करतो आहे हे त्याच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. गेटचा.

"स्पर्धक," ती म्हणाली. आवाज मघासारखा खणखणीत नव्हता.

तात्यासाहेब उभे राहिले. "बहादूर! पोरीला खाली घे."

हर्कबहादूर निघाला. काठी त्यानं दाराला टेकवून ठेवली. मधल्या वाटेनं तो सावकाश पुढं आला. इतकी वर्षं त्याला बोलावलं की तो पळत यायचा, तो असा चालत येताना मी पहिल्यांदा बघितला. लोक बाजूला झाले. मनूनं डोळे मिटून घेतले, मार खायच्या आधी पोरं मिटतात तसे.

तो मंचावर चढला. तिच्या दंडाला त्यानं हात लावला नाही. तिच्या डोक्यावरची आपली टोपी काढली, हातानं झटकली, स्वतःच्या डोक्यावर नीट बसवली. मग छातीवरचा पुठ्ठा सोडवून तो हेर्लेकरांच्या टेबलावर पताकेपाशी ठेवला आणि मनूच्या शेजारी, माझ्या तंबोऱ्याला धक्का लागणार नाही असा, मांडी घालून बसला.

"ऐकू येत नाही काय?" तात्यासाहेब ओरडले.

"येतंय साहेब," हर्कबहादूर म्हणाला. "तेच ऐकायला बसलो."

तू बक्षिसाची वाट बघत असशील तर आत्ताच सांगते, ते कुणालाच मिळालं नाही. तंबोरा त्या दिवशी संध्याकाळीच मगदुमांच्या घरी परत गेला. मी पुढं एकदा बघितला, दिवाणखान्यात उभा होता, तारा निघालेला, वर क्रिकेटची टोपी अडकवलेली. नाट्यगृह झालं नाही. हर्कबहादूर दोन महिने घरी बसला आणि मग पलीकडच्या सूतगिरणीवर लागला. आणि मंडळाच्या छापील इतिहासात त्या वर्षासमोर एवढंच लिहिलं आहे, 'सहभागी राष्ट्रे : भारत, नेपाळ.' फलक खोटा पडला नाही.

पण हे सगळं नंतरचं. तिथं, त्या मंचावर, तात्यासाहेबांनी हेर्लेकरांना खूण केली. हेर्लेकरांच्या टेबलावर वेळ संपल्याची पितळी घंटा होती. मुलगी अजून सुरूही झाली नव्हती, तरी त्यांनी ती उचलली आणि हात दुखेपर्यंत वाजवली.

मनूनं डोळे उघडले. घंटा वाजायची थांबेपर्यंत, तिचा शेवटचा कण हवेतून जाईपर्यंत, ती थांबली. मग तिनं तंबोऱ्याकडं कान दिला आणि सा लावला.